भागिले हवालदार

जानाईच्या वाडीत पाहुणा आला की आधी पाणी, मग चहा. आणि चहा बशीत ओततोय न ओततोय तोवर नाथाजी हवालदार येऊन त्या घरातल्या बल्बचा रेझिस्टन्स सांगून जायचे. वाडी उंब्रजच्या वर, डोंगराला पाठ लावून बसलेली. पाहुणा कोरेगावचा असो की खंडाळ्याचा, सुटका नाही.

"व्होल्टेज भागिले करंट, बरोबर रेझिस्टन्स. व्होल्टेज गुणिले करंट, बरोबर वॅट. एवढी दोन वाक्यं ज्याच्या डोस्क्यात बसली, त्याचं दुनियेत काय म्हंजी काय अडत न्हाई, पावणं."

पाहुणा बशीकडे बघत मान हलवायचा. घरची माणसं उंबऱ्याकडे बघायची. आणि हवालदार गळ्यातला क्लँपमीटर सावरत पुढच्या घराला लागायचे. हा मीटर म्हणजे खेकड्याच्या नांगीसारखा तोंड उघडणारा; वायरीला विळखा घातला की आतून किती करंट धावतोय ते काचेवर दाखवायचा. माळकऱ्याच्या गळ्यात माळ, तसा हवालदारांच्या गळ्यात हा. फरक इतकाच, की माळकरी अधूनमधून माळ ओढतो तरी.

गावानं त्यांचं नाव 'भागिले हवालदार' पाडलं होतं. ते त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांना ती पदवी वाटली होती.

आता खरं सांगायचं तर माणूस अडाणी नव्हता. उभी नोकरी फौजेत इलेक्ट्रिशियन म्हणून काढलेली, आणि तीही बर्फातल्या ठाण्यांवर. साहेबाच्या खोलीतला हीटर, मेसमधला गीझर, बंकरमधले बल्ब, असला सगळा संसार त्यांच्या ताब्यात. हीटर हा जगातला सगळ्यात आज्ञाधारक प्राणी. त्याला जास्त दाब द्या, जास्त तापेल. कमी द्या, कमी तापेल, आणि कागदावरचं उत्तर अन् काचेवरचं उत्तर कधी भांडायचं नाही. हवालदारांनी पेन्शनीपर्यंत फक्त असली सालस मंडळी हाताळली. पंपाच्या मोटारी दुसऱ्या कुणाकडे होत्या. फौजेत ज्याचं काम त्याचं. तर हवालदारांचा असा समज झाला की विजेवर चालणारं सगळंच सालस असतं, आणि तो समज घेऊन ते वाडीला आले.

आल्या आल्या त्यांचं नाव झालं ते अंघोळीच्या पाण्याच्या रॉडवरनं. बायको राहीबाई कुरकुरत होती, की सांजच्याला रॉड लय वेळ घेतोय. हवालदारांनी अंगणात चार माणसं जमवली, रॉडला मीटर लावला.

"दोनशे तीस व्होल्ट. करंट साडेसहा. भागिले. पस्तीस ओहम! गुणिले. पंधराशे वॅट! आता सांजच्याला आपल्याकडं व्होल्टेज हुतंय एकशेऐंशी. तर एकशेऐंशी भागिले पस्तीस, पाच अँपियर. एकशेऐंशी गुणिले पाच, नऊशे वॅट. वॅट निम्म्याच्या जवळ आलं, म्हंजी पाणी तापाय दुपटीच्या जवळ वेळ. सांजच्याला या आन् बघा."

सांजच्याला माणसं आली. मीटरनं पाच दाखवले. माणसांनी तोंडात बोटं घातली.

राहीबाई चुलीपुढनं म्हणाली, "म्हंजी पानी उशिरा तापतंय हे मी सांगत हुते तवा ती कुरकुर. आन् तुमच्या खेकड्यानं सांगितलं तवा ते शास्त्र. व्हय?"

तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. गावात शास्त्र रोज रोज येत नाही.

त्या सांजेनंतर हवालदारांनी मीटर लावणंच सोडलं. ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे ते मोजायचं कशाला? मीटर गळ्यात राहिला, तोंड मिटून.

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते हवालदार रॉडवरनं मोटारीवर घसरले तेव्हा. वाडीचा ऊस आणि वाडीची वीज यांचं जुनं वैर. शेताला वीज दिवसातनं ठरल्या वेळीच येते, आणि प्रत्येकाच्या मोटारीला ऑटो स्विच. वीज आली रे आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात. सगळ्या एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर. चारशे पंधराच्या जागी तीनशे व्होल्ट उरतात, कधी तेवढेही नाहीत. पूर्वी माणसं भ्यायची. मोटार घोंगावायला लागली की बंद करायची. मग हवालदारांनी पारावर बसून निकाल दिला.

"व्होल्टेज कमी म्हंजी करंट कमी. करंट कमी म्हंजी वायंडिंग गार. बिनघोर चालवा. रॉडचं बघितलं न्हवं? वीज तीच, गणित तेच."

माणसं बिनघोर चालवायला लागली. ज्याला मोटार चालवायचीच असते त्याला सल्ला नको असतो, परवानगी हवी असते. हवालदार ती आकड्यांत द्यायचे. मग आज याची मोटार जळली, उद्या त्याची. हवालदार जळक्या वायंडिंगचा, म्हणजे मोटारीतल्या तारेच्या गुंडाळीचा, वास घेऊन सांगायचे, "तार हलकी घातलीय रं. उंब्रजात काय माल मिळतुय!" आणि वर हेही सांगायचे, "माझी मोटार बघा. एकदा तरी जळली का? गणितावर चालतीया." ती खरंच कधी जळली नव्हती. पुढं बोलायला कुणाला जागाच उरायची नाही.

उंब्रजात मोटार वायंडिंगचं दुकान होतं मदन मगदूम यांचं. मूळचे सांगलीकडचे, जैन, बोलायला साखर अन् व्यवहाराला सुरी. वाडीच्या मोटारी का जळतात हे मदनशेठना पहिल्या मोटारीलाच कळलं होतं. ते गप्प राहिले. दर दिवाळीला मात्र स्वतः वर येऊन हवालदारांना साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा पुडा देऊन जायचे. हवालदारांना वाटायचं, बघा, जाणकाराला जाणकाराची किंमत. मदनशेठ खाली दुकानात कारागिराला म्हणायचे, "वाडीत आपला एक मानूस हाय. बिनपगारी, पन कामाला वाघ."

तर अशात देवीची यात्रा आली. पहिला दिवस गोड्याचा, म्हणजे पुरणपोळीचा. दुसरा खाऱ्याचा, म्हणजे मटणाचा. घर तिथं वीस पाहुणे. आणि गावाची पिण्याच्या पाण्याची टाकी रिकामी.

गावविहिरीवर पाणीवाला होता गुंडा. त्याची पद्धत सोपी. मोटार जरा वेगळी बोलली की बंद करायची आणि वडाखाली जाऊन पडायचं. हे तो मोटारीच्या काळजीनं करायचा की स्वतःच्या, हे देवीलाच माहीत. सरपंच होती तानूबाई, नात्यानं हवालदारांची चुलती. तिनं यात्रेच्या बैठकीत पंपघराची किल्ली गुंडाच्या हातातनं काढून हवालदारांपुढं टाकली.

"नाथा, ही घे. दोन दिवस टाकी भरलेली पायजे. पावण्याच्या तांब्याला पानी न्हाई मिळालं तर उद्या लेकी-जावई आपल्या तोंडात श्यान घालतील. जमतंय का सांग, न्हाईतर आत्ताच न्हाई म्हन."

"काकी, गणिताला जमत न्हाई असं नसतंय."

"आन् हे निभावलंस तर पानी समितीचा अध्यक्ष तूच. म्हाताऱ्या बामणाला विचारायचं न्हाई का पंचांगाला."

हवालदारांना आयुष्यात फीत मिळाली होती, पदक मिळालं होतं, अध्यक्षपद मिळालं नव्हतं. त्यांनी किल्लीला मीटरशेजारी, गळ्यात जागा दिली.

गोड्याच्या सकाळी वीज आली. शिवारातल्या मोटारी उठल्या. पंपघरातल्या पॅनेलवर काटा तीनशेवर लटपटत होता. गुंडानं बटन दाबलं, मोटार उठली, पण रेड्यानं चिखलात ओढ घ्यावी तशी. जरा वेळ गेला आणि खटकन बंद पडली.

"आप्पा, ट्रिप मारली. लोड येतुय. राहू द्या, व्होल्टेज वाढल्यावर बघू," गुंडा म्हणाला. त्याचा एक डोळा वडाकडे होता.

"तुझा लोड मला ठावं हाय. हिकडं बघ." हवालदारांनी खडू घेतला आणि पंपघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात मांडलं. "मोटारीच्या पाटीवर काय लिवलंय? चारशे पंधरा व्होल्ट, चौदा अँपियर. भागिले. साडेएकोणतीस ओहम. हा झाला हिचा रेझिस्टन्स, हिच्या जन्माचा. आता व्होल्टेज तीनशे. तीनशे भागिले साडेएकोणतीस, धा अँपियर! चौदाची ताकद असलेल्या मोटारीतनं धा वाहत्याती. मग ट्रिप मारायचं कारन काय?"

"कारन मला काय ठावं? पन मारतीया तर खरं."

"रिले खराब हाय."

"आन् रिले बराबर आसंल तर?"

"तर भिंतीवर लिवलंय ते चूक व्हय? तुझा रिले मोठा का ओहमसायब मोठा?"

गुंडानं पुन्हा वडाकडे बघितलं. ओहमसाहेब कोण, कुठल्या पलटणीतला, हे त्याला ठाऊक नव्हतं. हवालदारांनी पॅनेल उघडलं आणि करंट वाढला की मोटार बंद पाडणाऱ्या रिलेच्या दोन टोकांना तारेचा तुकडा घालून त्याला बगल दिली. राखणदाराच्या तोंडात बोळा कोंबावा तसं. मीटर गळ्यातच होता. वायर हाताशी होती. मध्ये वीतभर अंतर. पण उत्तर भिंतीवर होतं ना.

मोटार उठली. घोंगावली. हवालदार बाहेर कठड्यावर बसून दोन बायांना वॅट समजावून सांगत होते, तेवढ्यात आतनं वार्निशचा जळका वास आला, मग करडा धूर, आणि मग शांतता. टाकीत घागरभर पाणी चढलं असेल नसेल.

गावात पुरणाची डाळ चुलीवर आणि हंड्यांतलं पाणी तळाला. तानूबाई पदर खोचून पंपघरात आली. तिनं मोटारीकडे बघितलं, मग भिंतीकडे.

"हे काय लिवलंय?"

"करंट, काकी. धा अँपियर."

"मग धा अँपियरनं जळली व्हय?"

हवालदार म्हणाले, "तार हलकी असनार." पण आवाजाला नेहमीचं व्होल्टेज नव्हतं.

टँकरला फोन लावले, तर यात्रेच्या दिवसांत टँकर मिळणं म्हणजे लग्नसराईत नवरदेवाचा मामा रिकामा सापडणं. शेवटी तानूबाईनं मदनशेठनाच गाठलं. यात्रा म्हटल्यावर दुकानं बंद, पण वाडीसारखं गिऱ्हाईक तोडून कसं चालेल? त्यांनी स्वतःच्या मळ्यावरची जादा मोटार टेम्पोत घातली आणि पुरणपोळीला यायचंच होतं म्हणून स्वतःही वर आले. दुपार कलायच्या आत मोटार बसली. निम्मं गाव पंपघराभोवती. काटा अजून तीनशेवरच.

गुंडानं विचारलं, "लावू का?"

हवालदार भिंतीकडे वळले. खडूसाठी हात खिशात गेला.

"थांबा!" मदनशेठ इतक्या जोरात ओरडले की सगळ्यांना नवल वाटलं, हा माणूस वाडीत आजवर कधी मोठ्यानं बोलला नव्हता. "हवालदार, ती भिंत राहू द्या. गळ्यात हाय ते काढा आन् वायरीला लावा."

"मदनशेठ, मोजायची गरज काय? धाच येनार."

"आवं, ही माझ्या घरची मोटार हाय!"

लोकांच्या मोटारींच्या वेळी बारा महिने मिटलेलं तोंड स्वतःच्या मोटारीला असं उघडलं. गावानं ते पाहिलं, पण गावाला तेव्हा पाण्याची घाई होती.

हवालदारांनी मीटरचं तोंड उघडलं. बिजागरीत धूळ साचली होती, ती करकरली. वायरीला विळखा घातला. गुंडानं बटन दाबलं. मोटार उठून चालीला लागली, घोंगावली आणि काचेवर आकडा नाचत नाचत ठरला.

हवालदारांनी काच बोटानं पुसली आणि आकडा पुन्हा वाचला.

"वाच की रं मोठ्यानं," तानूबाई म्हणाली.

आता ही वेळ अशी होती की माणूस खोटं बोलू शकला असता. काच त्यांच्याच तोंडाकडे होती. दहा म्हणून टाकलं असतं तर गावानं मान हलवली असती, तशी सवयच होती. मोटार जळली असती, आणि 'तार हलकी' हे वाक्य तयार होतंच. पण फौजेत काट्यावरचा आकडा खोटा सांगणाऱ्याला काय म्हणतात, ते हवालदारांना ठाऊक होतं.

"साडेएकोणीस," ते म्हणाले. "बंद कर, गुंड्या. बंद कर!"

मोटार थांबली. मदनशेठनी घाम पुसला आणि पहिल्यांदाच फुकटात शिकवलं.

"हवालदार, तुमचा रॉड गरीब हाय. त्याला कमी मिळालं तर कमी तापतुय आन् गप बसतुय. मोटारीच्या मानगुटीवर पान्याचा खांब हाय. तो चारशे व्होल्टला जेवढा, तीनशेला बी तेवढाच. काम तेवढंच आन् दाब कमी, मग ती करंट जादा वढून घेती. तुमी तिचा रेझिस्टन्स काढला, पन तो कायमचा नसतुय. लोड बदलला, व्होल्टेज बदललं की तो बी बदलला. ओहमसायब खरा हाय, पन तुमी त्याला चुकीच्या दारात हुबा केला."

"मग आता?" तानूबाईनं विचारलं.

"व्होल्टेज वाढवाय पायजे. शिवारातल्या मोटारी बंद करा, आपुआप वाढंल."

सगळं गाव हवालदारांकडे बघायला लागलं. त्या मोटारी त्यांच्याच परवानगीनं चालल्या होत्या.

हवालदार निघाले ते आधी स्वतःच्या मळ्याकडे. निदान पहिली मोटार मुकाट्यानं बंद होईल. तर राहीबाई पंपाच्या खोपीला टेकून कांदे निवडत बसलेली, आणि मोटार बंद.

"ही कुनी बंद केली?"

"मी. सकाळीच. लय घोंगावत हुती."

"तुला कुनी सांगितलं बंद कराय?"

"सांगाय कशाला पायजे? रोजच करते. तुमी आकडे मांडून पाराकडं गेला की मी बंद करते, आन् सूर नीट लागला की चालू. तुमास्नी सांगितलं असतं तर तुमी भागिले काढत बसला असता. तवर मोटार गेली असती."

हवालदारांनी मोटारीवर हात ठेवून बघितला; गार होती. इतकी वर्षं न जळलेली मोटार त्यांनी पारावर साक्षीला उभी केली होती, आणि साक्षीदार भलत्याच कुणाचा निघाला. ते बांधावर चढून पुढं निघाले. राहीबाई उठली नाही. कांदे निवडायचे होते.

पुढचा मळा बिरदेवचा. बिरदेव म्हणजे तालमीतला गडी, अंगानं दांडगा अन् जिभेनं तिखट.

"बिरदेव, मोटार बंद कर गड्या. देवीचं काम हाय. गावाला पानी न्हाई."

"आप्पा, देवीला नारळ दिलाय मी. बोकड बी देनार हाय. आता ऊस बी वाळवून देऊ व्हय?"

"आरं दोन तास."

"मग दुसऱ्याला सांगा की. माझ्यापसनंच का सुरू? आन् व्होल्टेज कमी आसलं तर काय हुत न्हाई, म्हनून तुमीच सांगितलंय. वायंडिंग गार! पाठ हाय मला. म्हनून दाखवू?"

बांधावरचे दोघं-तिघं हसले. हवालदारांनी पुन्हा देवीचं नाव घेतलं. गावाचं घेतलं, पाहुण्यांचं घेतलं. बिरदेव ढिम्म हलेना. पाटाचं पाणी वळवत त्यानं पाठ फिरवली.

मग हवालदार म्हणाले, "बिरदेव, माझं चुकलं."

"काय?"

"मी सांगितलं ते चूक हुतं. व्होल्टेज कमी झालं की मोटारीचा करंट वाढतुय. आत्ता मोजला मी. गावची मोटार माझ्यामुळं जळली. तुझी बी आत्ता जळत्या."

बिरदेवनं खोरं टाकलं आणि सरीतनं उड्या मारत खोपीकडे धावला. जी मोटार देवीसाठी थांबली नव्हती, गावासाठी थांबली नव्हती, ती मोटारीसाठी थांबली. आणि थांबवून झाल्यावर त्यानं बांधावर चढून अख्ख्या शिवाराला आरोळी दिली, "मोटारी बंद करा रं! भागिले हवालदार चुकले! स्वतः सांगत्यात! मोटारी जळत्याल!"

हवालदारांना पुढच्या मळ्यात जावंच लागलं नाही. आरोळी बांधावरनं बांधावर गेली, प्रत्येक बांधावर थोडी मोठी होत. 'हवालदार चुकले' या दोन शब्दांत कुणाला किती गोडी वाटली ते शिवारात ऐकू येत होतं. एकानं तर मोटार नसताना आरोळी दिली. एकेक घोंगावणं थांबत गेलं आणि उसात वाऱ्याची सळसळ ऐकू यायला लागली. हवालदार बांधावरनं परत निघाले. जाताना त्यांना दोघांनी हाक मारून विचारलं, "आप्पा, खरंच का वो?" दोघांनाही ते "व्हय" म्हणाले.

पंपघरात काटा तीनशे नव्वदवर आला होता. बाया घागरी घेऊन टाकीखाली रांगेत. गुंडा बटनाजवळ उभा, आणि त्याच्या तोंडावर आज भलतीच हुशारी.

"आप्पा, आता किती वढंल?"

हवालदारांचं तोंड उघडलं. तीनशे नव्वद भागिले, इथवर आकडा जिभेवर आला. गर्दीतनं कुणीतरी खाकरलं. त्यांनी तोंड मिटलं, आत जाऊन रिलेला घातलेला तारेचा तुकडा काढून फेकला, मीटर वायरीला लावला आणि म्हणाले, "चालू कर. मग सांगतुय."

मोटार उठली. या वेळी सूर वेगळा होता, भरल्या पोटाचा. काचेवर आकडा ठरला.

"पंधरा," हवालदारांनी वाचलं.

"म्हंजी बरं का वाईट?" तानूबाईनं विचारलं.

हे उत्तर द्यायला हवालदार जन्मले होते. गर्दी वाट बघत होती. त्यांनी एकदा भिंतीकडे बघितलं, जिथं त्यांच्याच हातचे दहा अँपियर अजून ठळक होते.

"मदनशेठला इचारा," ते म्हणाले.

वर टाकीत पाण्याची धार पडायला लागली आणि खाली बायांनी गलका केला. सगळ्यांच्या माना मदनशेठकडे वळल्या. मदनशेठ दारात उभे होते; शिवाराकडे बघत, जिथं एकही मोटार वाजत नव्हती, आणि बहुधा यापुढं कमी व्होल्टेजला कधी वाजणारही नव्हती.

"बरं हाय," ते म्हणाले. पण दुभती म्हैस एकाएकी आटल्यावर गवळी जसा शेजाऱ्याला 'बरं हाय' म्हणतो, तसं.